चाळिशीनंतर ट्रान्स म्हणून सांगायचं आहे: ऑनलाइन ग्रुप कसा शोधावा, कसा पारखावा?

उंबरठ्यावर
वय ४६, लग्न झालेलं, मुलं शाळेत. आजवर सगळे पुरुष समजत आले, पण आपण ट्रान्स बाई आहोत हे मनाशी पक्कं झालंय, घरात कुणालाच माहीत नाही. समुपदेशन सुरू आहे, पण तेवढ्याने भागत नाही; याच वयात हे निस्तरलेल्या लोकांशी बोलायचंय. सापडलेले बहुतेक ग्रुप विशी-पंचविशीतल्यांचे. तीन प्रश्न: घरी सांगायच्या आधीच बोभाटा होऊ नये म्हणून काय काळजी घ्यायची? ग्रुप बरा की वाईट हे कसं ओळखायचं? आणि बायकोला सांगताना ग्रुपचा काही उपयोग होतो का? ‘धीर धरा’ सोडून काहीही सांगा.

कडीकोयंडा
ग्रुप नंतर, आधी फोन. असं गुपित सहसा हॅकर फोडत नाही. घरातला सामायिक टॅबलेट फोडतो. एकच अकाउंट दोन उपकरणांवर असलं की तुम्ही रात्री शोधलेलं सकाळी मुलांच्या स्क्रीनवर सुचवलं जातं. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (शोधलेलं लक्षात न ठेवणाऱ्या) खिडकीवर विसंबू नका. त्या खिडकीत नेहमीच्या अकाउंटने लॉगिन केलंत की सगळी नोंद पुन्हा त्याच अकाउंटवर जाते.

म्हणून नवा ईमेल काढा आणि त्यासाठी वेगळा ब्राउझर ठेवा, जो कुठल्याच घरगुती अकाउंटला जोडलेला नसेल. नव्या अ‍ॅपने संपर्क वाचायची परवानगी मागितली तर नाही म्हणा, नाहीतर ‘तुम्ही यांना ओळखत असाल’ या यादीत तुमचं नवं नाव मेव्हण्याला दिसू शकतं. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. सगळे विसरतात ते कीबोर्ड: तो नवं नाव शिकून घेतो आणि तुम्ही बायकोच्या समोर दुसरंच काही टाइप करताना ते सुचवतो. शिकलेले शब्द पुसा, वैयक्तिक सूचना बंद ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तुमचा नंबर अनोळखी सदस्यांनाही दिसू शकतो, त्यामुळे सुरुवातीला तो नकोच. टेलिग्रामवर नंबर ‘कुणालाही नाही’ वर ठेवा. त्याच पानावर नंबरावरून शोधू देण्याची वेगळी सेटिंग आहे, तीही आवळा. सिग्नलवर २०२४ पासून युजरनेम घेता येतं, पण तिथेही नंबरावरून सापडणं हाताने बंद करावं लागतं.

आणि लिहिताना: वय, पेशा, मुलांची संख्या, शहर या चारपैकी दोनच गोष्टी खऱ्या सांगा. चारही एकत्र आल्या की नाव लिहायची गरजच उरत नाही.

मागचा_बाक
ग्रुप पारखायला दोन आठवडे नुसतं वाचा. तीन प्रसंग शोधा. कुणी ‘मला हार्मोन घ्यायचे नाहीत’ किंवा ‘सध्या थांबतोय’ म्हटलं तर काय उत्तरं येतात? कुणी गोळ्यांचा डोस विचारला तर मॉडरेटर (ग्रुप सांभाळणारा) मध्ये पडतो का? आणि जोडीदाराबद्दलच्या प्रत्येक प्रश्नावर ‘सोडून दे’ हेच उत्तर असतं का? तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तो ग्रुप लग्न झालेल्या माणसाच्या कामाचा नाही, बाकी कितीही प्रेमळ असो.

रेडिटवर ‘ट्रान्स लेटर’ नावाचा विभाग मोठ्या वयात सुरुवात करणाऱ्यांसाठीच आहे. वाचायला मोठा, पण ओळखी व्हायला छोटा ग्रुप हवा: वीस-तीस माणसं, आठवड्यातून ठरलेल्या वेळी बोलणं, कॅमेरा बंद ठेवायची मुभा. प्रवेशाला दोन-चार प्रश्न विचारणं चांगलं लक्षण. फोटो किंवा ओळखपत्र मागत असतील तर मागे फिरा.

नव्या सदस्याला तासाभरात गोड खासगी मेसेज येतात: स्तुती, मग फोटो, मग ‘दुसऱ्या अ‍ॅपवर ये’. डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर सर्व्हरमधल्या (म्हणजे त्या ग्रुपमधल्या) लोकांचे थेट मेसेज बंद करता येतात, ते आधी करा. धमकी आलीच तर पैसे देऊ नका, दिले की मागणी वाढते. स्क्रीनशॉट, तक्रार, मग ब्लॉक, याच क्रमाने. खासगी फोटो पसरवण्याची भीती असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ ही २०२१ मध्ये सुरू झालेली मोफत सोय आहे. फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त डिजिटल ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे तोच फोटो कुणी टाकला तर त्यांना ओळखून अडवता येतो.

रक्ततपासणी
डोसबद्दल एक भर. विशीतल्या मुलीचा डोस ४६ व्या वर्षी उचलू नये याला कारणं आहेत. तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनने (स्त्री-हार्मोनने) रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो आणि वय, धूम्रपान त्यात भर घालतात. म्हणून या वयात डॉक्टर बहुधा पॅच किंवा जेल निवडतात. पुरुषी हार्मोनचा परिणाम दाबायला देतात ते स्पायरोनोलॅक्टोन रक्तातलं पोटॅशियम वाढवतं. रक्तदाबाच्या काही नेहमीच्या गोळ्याही (रामिप्रिल, टेल्मिसार्टन वगैरे) तेच करतात. दोन्ही एकत्र, तपासणीशिवाय, म्हणजे हृदयाशी खेळ. ग्रुपमधून डॉक्टरांना विचारायचे प्रश्न घ्या, मिलिग्रॅम नको.

ग्रुपची माहिती खरी उपयोगी पडते ती दाढीच्या बाबतीत. लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करतो, पांढऱ्यावर नाही. इस्ट्रोजेनने दाढी जात नाही.

उंबरठ्यावर
हनुवटीवर निम्मे पांढरे झालेत.

रक्ततपासणी
मग काळे उरलेत तोवर त्यांना लेझर आणि पांढऱ्यांना इलेक्ट्रोलिसिस. ते एकेक केस काढतं, रंगाशी त्याला घेणं नाही. वेळखाऊ आहे, वर्षभराहून जास्त धरून चला. चेहऱ्यावरचे केस घरी सांगायच्या आधी कमी व्हायला लागले तर प्रश्न येतील, तेव्हा क्रम ठरवून ठेवा.

दुसरी_खुर्ची
बायकोच्या प्रश्नावर. पत्र लिहून ग्रुपला वाचायला द्या, हा ग्रुपचा सगळ्यात चांगला उपयोग. पहिला मसुदा सहसा बालपणापासून सुरू होतो आणि मुद्दा तिसऱ्या पानावर येतो. तोवर तिने आजार किंवा दुसरी बाई, दोन्ही कल्पना करून झालेल्या असतात. पहिल्या चार ओळींत: काय आहे, काय नाही, आणखी कुणाला माहीत आहे. एका पानात संपवा. ‘हार्मोन कधीच घेणार नाही’ असलं वचन तिला शांत करायला देऊ नका. ते मोडलं की मूळ बातमीपेक्षा जास्त लागतं.

तिला तुमच्या ग्रुपात आणू नका, तुमची जुनी पोस्ट तिने वाचणं कुणाच्याच हिताचं नाही. जोडीदारांचे वेगळे ग्रुप असतात, त्यातला एक आधी पाहून ठेवा. आणि तिने कुणा एकाशी मोकळेपणी बोलायचं, ती व्यक्ती तिने निवडायची, हे पत्रातच लिहा. नाहीतर तुमचं गुपित ती एकटी सांभाळत बसते, आणि लग्नं बहुतेक तिथे चिरतात.

मुलांना नंतर, दोघांनी मिळून. ‘कुणाला सांगू नका’ असं म्हणावं लागणार असेल तर अजून सांगू नका. दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं तरी चालेल, अशी तयारी झाल्यावरच बसा.