ब्रिटिश सामान्य ज्ञान : उत्तरे पाठ असूनही गुण का जातात?

रेडिंगकर

नमस्कार. मी गेली तीन वर्षे रेडिंग येथे राहतो. आमच्या कचेरीतले आम्ही सहा जण दर गुरुवारी संध्याकाळी जवळच्या पबमधल्या क्विझला जातो. माणशी दोन पौंड भरायचे, सगळे फोन टेबलाच्या मधोमध पालथे घालून ठेवायचे, भूगोल, इतिहास, क्रीडा आणि मनोरंजन अशा चार फेऱ्यांची उत्तरे एका कागदावर लिहायची आणि शेवटी तो कागद तपासायला शेजारच्या टेबलाकडे सरकवायचा, असा तिथला रिवाज आहे.

मी स्पर्धा परीक्षांच्या तालमीत वाढलेला असल्याने रीतसर वही घातली आहे. राजे, पंतप्रधान, नद्या, शिखरे, विम्बल्डनचे विजेते हे सगळे तीत आहे. तरीही गुण जातात आणि तेही मला येत असलेल्या प्रश्नांवर जातात, हे अधिक लागते. गेल्या महिन्यातली दोन उदाहरणे देतो. ‘ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी कोणती?’ याला मी थेम्स लिहिले, ते चुकले. ‘१९३६ साली फ्रेड पेरी जिंकल्यानंतर विम्बल्डनची एकेरी जिंकणारा पहिला ब्रिटिश खेळाडू कोण?’ याला मी अँडी मरे, २०१३, असे वर्षासकट लिहिले. तेही चुकले, आणि आमच्या कर्णधाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती अजून आठवते.

या विषयाचा अभ्यास नेमका कसा करावा? येथे कोणी अनेक वर्षे क्विझ खेळत किंवा घेत असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

कार्डिफचे काका

रेडिंगकर, तुमची वही चुकलेली नाही. प्रश्नातला देश कोणता, हे तुम्ही वाचले नाही. आपण शाळेत इंग्लंड, ब्रिटन आणि युनायटेड किंग्डम हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरत आलो. मी चाळीस वर्षांपूर्वी कार्डिफला आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या आजींना ‘तुमचे इंग्लंड फार सुंदर आहे’ असे म्हणालो होतो. त्यांनी चहा दिला, पण साखर विचारली नाही.

ग्रेट ब्रिटन हे बेट आहे आणि त्यावर इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्स आहेत. त्यात उत्तर आयर्लंड मिळवले की युनायटेड किंग्डम होते. आइल ऑफ मॅन, जर्सी आणि गर्न्सी ही बेटे राजसत्तेच्या अखत्यारीत असली तरी युनायटेड किंग्डममध्ये मोडत नाहीत. एवढे पक्के केल्यावर तुमच्या नदीकडे पाहा. सेव्हर्न सुमारे ३५४ किलोमीटर लांब आहे आणि थेम्स सुमारे ३४६. फरक आठ किलोमीटरांचा आहे, पण खरी मेख लांबीत नाही. सेव्हर्न उगम पावते वेल्सच्या डोंगरात आणि मग इंग्लंडमध्ये उतरून श्रूझबरी, वुस्टर, ग्लॉस्टर करीत ब्रिस्टलच्या खाडीला मिळते, तर थेम्स उगमापासून मुखापर्यंत इंग्लंडमध्येच राहते. म्हणून प्रश्नात ‘पूर्णपणे इंग्लंडमधून वाहणारी’ असे शब्द आले, की तुमचेच थेम्स बरोबर ठरते.

तळ्यांच्या बाबतीत तर हा प्रकार आणखी गमतीचा आहे, कारण ‘सर्वांत मोठे तळे’ या एका प्रश्नाला किमान चार बरोबर उत्तरे आहेत. युनायटेड किंग्डममध्ये क्षेत्रफळाने सर्वांत मोठे उत्तर आयर्लंडमधले लॉख नेय. प्रश्न ग्रेट ब्रिटनचा असेल तर स्कॉटलंडमधले लॉख लोमंड. फक्त इंग्लंडचा असेल तर विंडरमिअर. पाण्याच्या साठ्याने मोजायचे झाले तर लॉख नेस, आणि ‘सर्वांत खोल’ असे विचारले तर लॉख मोरार. शिखरांचे मात्र सोपे आहे : बेन नेव्हिस, स्नोडन, स्काफेल पाइक आणि स्लीव्ह डॉनर्ड ही अनुक्रमे स्कॉटलंड, वेल्स, इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमधली सर्वांत उंच शिखरे आहेत, एवढे पुरते.

आणखी एक. नकाशा भिंतीवर लावा आणि त्यावर पट्टी ठेवून पाहा. एडिनबरा पूर्व किनाऱ्यावर आहे आणि लिव्हरपूल पश्चिम किनाऱ्यावर, तरीही एडिनबरा लिव्हरपूलच्या पश्चिमेला येते, कारण हे बेट उत्तरेकडे जाताना डावीकडे कलते. हा प्रश्न मी तीन वेगवेगळ्या पबमध्ये ऐकला आहे आणि तिन्ही वेळा निम्म्या टेबलांनी पैज लावून चूक उत्तर दिले आहे.

लीड्सची क्विझवाली

मी आमच्या वस्तीतल्या क्लबसाठी महिन्यातून एकदा प्रश्न काढते, त्यामुळे पलीकडच्या बाजूने लिहिते. प्रश्न काढणारा माणूस मुद्दाम अशा जागा शोधतो जिथे सर्वांच्या ओठावरचे उत्तर चुकीचे असते. तुमचा विम्बल्डनचा प्रश्न त्याच जातीचा आहे. बरोबर उत्तर डॉरथी राउंड, १९३७. त्यानंतर १९६१ मध्ये अँजेला मॉर्टिमर, १९६९ मध्ये अ‍ॅन जोन्स आणि १९७७ मध्ये व्हर्जिनिया वेड जिंकल्या. वेड जिंकल्या ते स्पर्धेचे शतकवर्ष होते, राणी एलिझाबेथ प्रेक्षकांत होत्या आणि त्यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सवही त्याच वर्षी होता. म्हणजे मरे यांच्या आधी चार ब्रिटिश स्त्रिया जिंकून गेल्या होत्या. ‘सत्त्याहत्तर वर्षांनी पहिला ब्रिटिश विजेता’ हे २०१३ साली सगळीकडे लिहिले गेले, पण ते फक्त पुरुष एकेरीपुरते खरे आहे.

इथे आपल्याला मराठीही थोडी नडते, असे माझे निरीक्षण आहे. इंग्रजीत विचारताना खेळाडू स्त्री की पुरुष हे कळत नाही. आपण मात्र मनातल्या मनात त्याचे ‘जिंकणारा पहिला ब्रिटिश खेळाडू’ असे करतो (तुम्ही वर तसेच लिहिले आहे), आणि त्या एका ‘जिंकणारा’ने चार बायका यादीतून बाहेर जातात. तेव्हा प्रश्न इंग्रजीतच डोक्यात ठेवा.

खेळांच्या फेरीत काकांचा देशांचा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो. फुटबॉलमध्ये इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड असे चार स्वतंत्र संघ आहेत. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोमध्ये स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला, तोही एका क्रिकेट क्लबच्या मैदानावर, आणि त्यात एकही गोल झाला नाही. रग्बीमध्ये मात्र उत्तर आणि दक्षिण मिळून संपूर्ण आयर्लंडचा एकच संघ खेळतो. ऑलिंपिकला या चौघांचा मिळून ग्रेट ब्रिटन नावाचा एक संघ जातो. क्रिकेटमधला ‘इंग्लंड’ म्हणजे इंग्लंड आणि वेल्स दोन्ही, त्यामुळे टोनी लुइस हे वेल्सचे गृहस्थ १९७२-७३ मध्ये इंग्लंडचे कर्णधार म्हणून भारतात आले होते.

१९६६ चा विश्वचषक पाठ असेलच : वेम्बली, पश्चिम जर्मनीविरुद्ध ४-२, जेफ हर्स्ट यांचे तीन गोल. पण प्रश्न येतो तो कुत्र्याचा. त्या वर्षी मार्चमध्ये लंडनच्या एका टपाल तिकिटांच्या प्रदर्शनातून तो चषकच चोरीला गेला, आणि आठवडाभराने दक्षिण लंडनमध्ये पिकल्स नावाच्या कुत्र्याला तो कुंपणाच्या झुडपाखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेला सापडला. मालकाचे नाव कोणी विचारत नाही, पिकल्सचे विचारतात.

दफ्तरखाना

इतिहासाबद्दल थोडेसे. सनावळ्या हव्यात, पण क्विझमध्ये गुण सनावळीच्या कडेला पडलेल्या तपशिलावर मिळतात. १०६६ ची हेस्टिंग्जची लढाई हेस्टिंग्जमध्ये झाली नाही. ती तिथून साधारण दहा किलोमीटरवर झाली आणि त्या ठिकाणी वसलेल्या गावाचे नावच ‘बॅटल’ आहे. १२१५ च्या मॅग्ना कार्टावर राजा जॉन याने सही केली नव्हती, मोहोर उमटवली होती. १६६६ च्या लंडनच्या आगीचे स्मारक म्हणून उभारलेला स्तंभ २०२ फूट उंच आहे, कारण पुडिंग लेनमधल्या ज्या बेकरीत आग लागली ती त्या जागेपासून २०२ फुटांवर होती. हत्या झालेले एकमेव ब्रिटिश पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल. त्यांना १८१२ मध्ये संसदेच्याच आवारात गोळी घालण्यात आली.

एका प्रश्नावर मात्र सावध राहा. ‘ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले पहिले भारतीय’ म्हणून आपण सगळे दादाभाई नौरोजींचे नाव डोळे मिटून लिहितो. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले दादाभाई १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीमधून निवडून आले, आणि मतांचा फरक इतका किरकोळ होता की त्यांच्या आडनावावर कोटी करून लोक त्यांना ‘नॅरो-मेजॉरिटी’ म्हणू लागले. परंतु १८४१ मध्ये सरधन्याचे डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्र, ज्यांचा वंश भारतीय आणि युरोपीय असा मिश्र होता, सडबरीतून निवडून आले होते. मतदारांना लाच दिल्याच्या कारणावरून ती निवडणूक पुढच्याच वर्षी रद्द झाली. प्रश्नातल्या शब्दांवरून कोणते नाव अपेक्षित आहे ते ठरवावे लागते. माझ्या मते दादाभाईच लिहावेत, पण वाद झाला तर दुसरे नाव माहीत असलेले बरे.

आणि आपल्या मुंबईवर प्रश्न हमखास येतो : ती आंदण म्हणून कोणत्या राजाला मिळाली? दुसरा चार्ल्स. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या कॅथरिनबरोबर ती आली आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली.

कार्डिफचे काका

दफ्तरखाना यांच्या सविस्तर प्रतिसादाशी मी सहमत आहे, फक्त एक व्यावहारिक भर घालतो. प्रश्नकर्त्याच्या कागदावर जे उत्तर असेल त्यालाच गुण मिळतो. बिग बेन हे घंटेचे नाव असून मनोऱ्याला २०१२ पासून एलिझाबेथ टॉवर म्हणतात, हे खरे. पण चित्रफेरीत मनोऱ्याचा फोटो असेल तर दोन्ही नावे लिहावीत. शंका असल्यास कागद देण्यापूर्वी उठून नम्रपणे विचारावे. निकाल लागल्यानंतर हुज्जत घालणाऱ्या टेबलाला पुढच्या आठवड्यात कोणी शंकेचा फायदा देत नाही.

पाचगणीवाला

मनोरंजनाच्या फेरीत आपण परके आहोत असे समजून मराठी मंडळी ती सोडून देतात. तसे करू नये, कारण या फेरीतली काही नावे आपल्या अंगणातली आहेत. क्वीनचे फ्रेडी मर्क्युरी जन्मले झांझिबारला, पण त्यांची शाळा पाचगणीची आणि त्यांचा पहिला बँड ‘द हेक्टिक्स’ तिथेच जमला. माझे आजोळ पाचगणीचे असल्याने हा एक गुण मी कधी घालवलेला नाही. ‘द गून शो’मुळे ब्रिटिश विनोदाची चालच बदलणारे स्पाइक मिलिगन १९१८ मध्ये अहमदनगरला जन्मले. थडग्यावर ‘मी आजारी आहे असे तुम्हांला सांगितले होते’ या अर्थाचे वाक्य आयरिश भाषेत कोरून घेणारे ते हेच. इंग्रजीत लिहिणाऱ्यांपैकी साहित्याचे नोबेल सर्वप्रथम मिळवणारे किपलिंग मुंबईचे.

क्रीडेतलाही एक देतो, कारण तो मला फार आवडतो. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी झाली तेव्हा नाणेफेकीला उतरलेल्या दोन कर्णधारांपैकी इंग्लंडचे डग्लस जार्डिन मुंबईत जन्मलेले होते आणि भारताचे सी. के. नायडू नागपुरात.

बाकी या फेरीसाठी थोडे पाठांतर अटळ आहे. ‘द माउसट्रॅप’ हे नाटक लंडनमध्ये १९५२ पासून चालू आहे आणि त्यात खंड पडला तो २०२० च्या साथीमुळे. जेम्स बाँडचे सहा नट क्रमाने पाठ करा, पण काकांच्या पद्धतीने करा : कॉनरी स्कॉटिश, लेझनबी ऑस्ट्रेलियन, मूर इंग्लिश, डाल्टन वेल्सचे, ब्रॉस्नन आयरिश, क्रेग इंग्लिश. ‘बाँडचे किती नट इंग्लिश?’ या प्रश्नाला सहा लिहिणारे टेबल मी डोळ्यांनी पाहिले आहे.

रेडिंगकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या धाग्यानंतर मी वहीत प्रत्येक उत्तरापुढे एक नवा रकाना आखला आणि त्यात ‘कुठले?’ असे लिहून इंग्लंड, ग्रेट ब्रिटन किंवा युनायटेड किंग्डम यांपैकी एक भरू लागलो. जवळजवळ एक रविवार त्यात गेला.

काल तळ्याचा प्रश्न आलाच. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी उठून ‘युनायटेड किंग्डम की ग्रेट ब्रिटन?’ असे विचारले. प्रश्नकर्त्याने कागद पाहिला, चष्मा काढला, पुन्हा घातला आणि ‘युनायटेड किंग्डम’ असे माइकवरून जाहीर केले, त्यामुळे आमच्याबरोबर आणखी दोन टेबलांनीही लॉख लोमंड खोडून लॉख नेय लिहिले. विचारायला टेबलापाशी बोलवायला हवे होते, हे कर्णधाराने मला नंतर समजावले.

शेवटी दोन संघांचे गुण समान झाले आणि जवळचा आकडा सांगणाऱ्याला विजय असा प्रश्न पडला : लंडनच्या आगीच्या स्मारकस्तंभाची उंची किती फूट? मी २०२ म्हणालो. इतका नेमका आकडा कोणाला आठवत नसतो, असे म्हणून कर्णधाराने २०० लिहिले. पलीकडच्या टेबलाने १५० लिहिले होते, म्हणून बक्षिसाची वाइन आम्हांला मिळाली. संगीताच्या फेरीसाठी वेगळा धागा काढतो, कारण त्या फेरीत माझी वही पूर्ण कोरी आहे.