सिम्युलेशन १०६ दिवसांनंतर का थांबतं?

द्राक्षवेल:
निफाडला आमच्या द्राक्षबागेत ओलावा मोजणारे ३० वायरलेस सेन्सर बसवायचे आहेत. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत बॅटरी बदलावी लागू नये, एवढीच माझी अट. म्हणून आधी ओम्नेट++ या नेटवर्क सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल केलं. सेन्सर दर १५ मिनिटांनी जागा होतो, माप पाठवतो, झोपतो. वेळमर्यादा दिलेली नाही, बॅटरी संपेपर्यंत चालू दे असं ठेवलंय. तीनदा चालवलं, तिन्ही वेळा १०६ दिवस १८ तासांच्या आसपास ओव्हरफ्लोची (आकडा ठरलेल्या जागेत न मावण्याची) एरर येऊन बंद. मशीनमध्ये मेमरी भरपूर आहे. वेळ डबलमध्ये (दशांश आकड्यांच्या प्रकारात) ठेवली तर सुटेल का?

घटनारांग:
मेमरीचा संबंध नाही. ओम्नेट++ वेळ ६४ बिटांच्या पूर्णांकात मोजतं आणि डीफॉल्ट एकक पिकोसेकंद (नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) आहे. त्यात साधारण ९२.२ लाख सेकंदच मावतात, म्हणजे तुमचे १०६ दिवस १८ तास. सेटिंग्जच्या आयएनआय फाइलमध्ये सिमटाइम रिझॉल्यूशन, म्हणजे सिम्युलेशनच्या वेळेचं सर्वांत लहान एकक, नॅनोसेकंद करा, मर्यादा २९२ वर्षांवर जाईल. मायक्रोसेकंदापर्यंत मात्र जाऊ नका. रेडिओ लहरीला १०० मीटर जायला ३३४ नॅनोसेकंद लागतात, त्याचे शून्य मायक्रोसेकंद होतात आणि पाठवणं-पोचणं एकाच क्षणी घडतं.

डबल तर नकोच. ४.० आवृत्तीपासून त्यांनी स्वतःच ते सोडलं. १२० दिवसांवर डबलमधले दोन शेजारचे आकडे जवळपास २ नॅनोसेकंद दूर असतात, पहिल्या मिनिटाला कितीतरी जवळ. मग एकाच क्षणी घडायच्या दोन घटना, बेरजेचा क्रम वेगळा म्हणून, पुढेमागे होतात. अशी एक चूक शोधण्यात माझे दोन आठवडे गेलेत.

द्राक्षवेल:
नॅनोसेकंद केलं, १०६ दिवस ओलांडले. मनापासून आभार! पण आता सेन्सरचं घड्याळ रोज १.१९ सेकंद मागे पडतंय. आधी असं नव्हतं. सेन्सरची मापं गोळा करणारा गेटवे दर वेळी फक्त २ सेकंद ऐकतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच मापं हरवायला लागतात.

लंबक:
सेन्सरच्या घड्याळाचा क्रिस्टल ३२,७६८ हर्ट्झचा आहे ना? त्याचा एक टिक, म्हणजे एक ठोका, ३०,५१७.५७८१२५ नॅनोसेकंदांचा. तुम्ही टिकची लांबी एकदाच सिमटाइममध्ये साठवून टिकांच्या संख्येने गुणत असणार. साठवताना तिचे ३०,५१८ झाले. १५ मिनिटांत २,९४,९१,२०० टिक, म्हणजे दर जागरणाला १२.४४ मिलिसेकंद जास्त. दिवसाला ९६ जागरणं, हिशेब जुळतो. पिकोसेकंदात टिकमागे फक्त ०.१२५ पिकोसेकंद जायचा, म्हणून दिसलं नाही.

सुरुवातीपासूनचे टिक पूर्णांकात मोजा आणि शेवटी एकदाच वेळ काढा. टिक गुणिले १०० कोटी भागिले ३२,७६८ असं लिहू नका, तो गुणाकार सव्वातीन दिवसांत ६४ बिटांबाहेर जातो. अपूर्णांक आधी संक्षिप्त करा: टिक गुणिले १९,५३,१२५ भागिले ६४. हे साडेचार वर्षं पुरतं.

द्राक्षवेल:
अगदी तसंच साठवलं होतं. बदललं, आणि काल रात्री पहिल्यांदा १८० दिवस पूर्ण झाले! घड्याळ कुठेही सरकलं नाही. आता खऱ्या क्रिस्टलची चूक मुद्दाम घालून बघतो, अधिक-उणे २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग). दिवसाला १.७ सेकंदांपर्यंत जाईल, म्हणजे गेटवेकडून रोज वेळ जुळवून घ्यावी लागणार. तेवढ्याने बॅटरी किती खाल्ली जाते ते इथे टाकतो.