गूळ, सैंधव, भाकरी सगळं करून झालं. बीपी आणि शुगर तिथंच. चुकतंय कुठं?

वारजेकर_सून

सासऱ्यांसाठी विचारतेय. वय ६१, उंची १६५ सेंमी, वजन ७१, कंबर ९७ सेंमी. बीपीची गोळी टेल्मिसार्टन ४० सकाळी एक. घरच्या मशीनवर बीपी १४४/९० च्या आसपास. उपाशीपोटी साखर १०८, उपाशीपोटी इन्शुलिन १८, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.१, रक्तातली चरबी: ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३६. क्रिएटिनिन ०.९, पोटॅशियम ४.६. डॉक्टर म्हणाले, डायबेटिस अजून नाही पण इन्शुलिन रेझिस्टन्स आहे, म्हणजे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही; तीन महिने खाणं सुधारा, मग औषधाचं बघू.

दोन महिने झाले. साखरेऐवजी गूळ, साध्या मिठाऐवजी सैंधव, पोळीऐवजी ज्वारीची भाकरी, सकाळी मोसंबीचा ताजा रस. गुळाचा चहा तीनदा. नाश्त्याला पोहे नाहीतर उपमा. दुपारी दोन भाकरी, भाजी, आमटी-भात, लोणचं, पापड. पाचला चहाबरोबर खारी किंवा मूठभर फरसाण. रात्री नऊला परत दुपारचंच. शाकाहारी आहेत, अंडं चालतं. वजन आणि बीपी तसूभर हललं नाही, ग्लुकोमीटरवर सकाळी १०५ ते ११०. नेमकं काय बदलू?

वाटीचमचा

ताई, नावं बदलली, माल तोच राहिला. एकेक घेऊ.

गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. तीन चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम. मोसंबीच्या रसाच्या एका पेल्याला तीन-चार फळं लागतात, चोथा गाळणीत राहतो आणि वीसेक ग्रॅम साखर दोन मिनिटांत पोटात जाते. एक मोसंबी सोलून खाल्ली तर तेवढ्यावरच माणूस थांबतो.

आता भाकरी, कारण खरी गोम तिथं आहे. घडीच्या एका पोळीला ३५ ग्रॅम कणीक लागते, त्यात पिष्टमय भाग साधारण २५ ग्रॅम. हाताएवढ्या भाकरीला ८० ग्रॅम पीठ सहज लागतं, त्यात ५५ ग्रॅम. आधी तीन पोळ्या असतील तर ७५ होत होते, आता दोन भाकऱ्यांचे ११०. वर वाटीभर भाताचे २८. म्हणजे ‘पथ्याच्या’ जेवणात आकडा वाढला! ज्वारी वाईट नाही, तिच्यात तंतू आहेत, पण भाकरीला मोजमापातून सूट नाही. विश्वास बसत नसेल तर पीठ मळण्याआधी वजनकाट्यावर ठेवून बघा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घरात हवाच. पुढच्या सगळ्या गोष्टी त्याच्यावर अवलंबून आहेत.

दुपारचं ताट असं लावा: ५० ग्रॅम पिठाची एक भाकरी (३५ ग्रॅम). दोन वाट्या भाजी, त्यातली एक पालेभाजी: मेथी, चाकवत, चवळई, अंबाडी, मिळेल ती. एक वाटी घट्ट उसळ किंवा वरण. एक वाटी दही. काकडी-टोमॅटो हवं तेवढं. भात हवाच असेल तर भाकरी अर्धी आणि भात अर्धी वाटी. ताटात आधी काकडी, भाजी आणि उसळ संपवायची, भाकरी त्यानंतर. याच क्रमाने खाल्लं तर तेच जेवण असूनही जेवणानंतरची साखर कमी चढते.

रात्रीचं हेच, पण साडेसात-आठला. आमटीचं पातळ पाणी डाळीच्या हिशेबात धरू नका. वाटीभर पातळ आमटीत डाळ जेमतेम पंधरा ग्रॅम असते, प्रोटीन तीन-चार ग्रॅम. त्यांच्या वजनाला दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम लागेल आणि आत्ताच्या जेवणातून तेवढं मिळणं कठीण आहे. एक अंडं ६ ग्रॅम, ५० ग्रॅम पनीर ९, पेलाभर दूध ६, कोरडी मटकी ३० ग्रॅम भिजवून मोड आणली की ७, सोयाबीनच्या वड्या २५ ग्रॅम कोरड्या १३. यातून जुळवा.

पोहे बंद करायची गरज नाही. माणशी ३० ग्रॅम कोरडे पोहे घ्या, त्यात तेवढीच नाही तर दुप्पट मोड आलेली मटकी किंवा मटार, चमचाभर दाणे. कांदेपोहे म्हणणाऱ्यांना ते पोहे वाटणार नाहीत, पण पोट दुपारपर्यंत राहतं. मुगाच्या डाळीचं धिरडं (५० ग्रॅम डाळ) त्याहून चांगलं. उपम्यात भाज्या रव्याइतक्याच हव्यात. साबुदाणा मात्र नकोच, तो जवळपास शुद्ध पिष्ट आहे.

पट्टा_आणि_पारा

वरचं बरोबर, पण बीपीचं अर्धं उत्तर राहिलं. इन्शुलिन रक्तात जास्त असलं की मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं. म्हणून या दोन तक्रारी जोडीनं येतात. आणि आपल्याकडे पिष्ट नि मीठ एकाच बशीतून येतं: खारी, फरसाण, पाव, पापड. एक दगड काढला की दोन्ही पक्षी उडतात.

सैंधव हेही सोडियम क्लोराइडच, पादेलोणही. रंग बदलला म्हणून सोडियम घटत नाही, उलट आयोडीन जातं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे २ ग्रॅम सोडियम. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये असतं; अडीचनं गुणलं की मीठ येतं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ.

घरात किती जातं हे कळायला सोपा उपाय: मिठाची एक किलोची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख घाला. घरात माणसं किती आणि पिशवी किती दिवसांत संपते?

वारजेकर_सून

चार माणसं. महिन्याला एक पिशवी. आणखी दोन प्रश्न: दुकानात ‘लो सोडियम’ मीठ मिळतं ते आणू का? आणि सासरे चतुर्थी-एकादशी सोडत नाहीत, त्या दिवशी काय?

पट्टा_आणि_पारा

१००० ÷ ३० ÷ ४ = ८.३ ग्रॅम माणशी, तेही फक्त घरच्या मिठाचं. चार माणसांना पाच ग्रॅमनं पिशवी ५० दिवस पुरायला हवी. लोणचं, पापड, पाव, बाहेरचं खाणं यांचं मीठ वेगळं, म्हणून घरच्या मिठाचं लक्ष्य साडेतीन ग्रॅम माणशी धरा, म्हणजे पिशवी सत्तर दिवस.

एकदम कमी केलंत तर तिसऱ्या दिवशी ताटाशेजारी मिठाचं भांडं येईल. पहिल्या आठवड्यात कणीक, भाकरीचं पीठ आणि भात यांतलं मीठ पूर्ण बंद. कुणाला कळत नाही. मग दर आठवड्याला भाजी-आमटीतलं थोडं थोडं कमी. जिभेला सवय व्हायला महिना-दीड महिना जातो. सकाळी दिवसभराचं मीठ मोजून एका वाटीत काढायचं (शेवटी चौघांचं मिळून १४ ग्रॅमवर यायचं आहे), त्यातूनच सगळा स्वयंपाक. संपलं की संपलं. भाजी शिजून पाणी आटल्यावर, शेवटी मीठ घातलं तर कमी मिठात चव लागते. चव भरून काढायला लिंबू, लसूण, जिऱ्याची पूड, ओवा, ओली मिरची, दाण्याचं कूट. कोकमाचं आगळ घालत असाल तर त्यात भरपूर मीठ असतं. साठवणीच्या चिंचेलाही मीठ लावलेलं असतं. ते धरून वरचं मीठ घाला.

लपलेलं मीठ कुठं: मोठा चमचाभर लोणच्यात दीड ग्रॅम. एका पापडात जवळपास अर्धा ग्रॅम, कारण पापडखारातही सोडियमच. खाण्याचा सोडा चमचाभर टाकला तर सव्वा ग्रॅम सोडियम, म्हणजे तीन ग्रॅम मिठाएवढा. ढोकळ्यात चव खारट लागत नाही म्हणून कुणी मोजत नाही. मिसळीत तर्री, फरसाण आणि पाव तिन्हीकडून येतं. महिन्यातून एकदा खा, मग त्या दिवशी रात्री ताक-भाजीवर राहा, ताकात मीठ न घालता.

डॅश आहाराच्या (बीपी उतरवण्यासाठी आखलेल्या) १९९७ च्या प्रयोगात बीपी असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ नं उतरला होता, मीठ न घटवता. भाज्या, फळं आणि कमी चरबीचं दूध-दही वाढवून. उतार दोन आठवड्यांत दिसला. म्हणून दोन वाट्या भाजी ही शोभा नाही, औषध आहे.

आणि मोजणं. आकडाच चुकीचा असेल तर सगळं व्यर्थ. चहा, तंबाखू, चालणं यानंतर अर्धा तास थांबा. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पाच मिनिटं गप्प. दंड उघडा, टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. मनगटाचं मशीन नको. दंडाचा घेर मोजा. पट्टा लहान पडला तर आकडा फुगतो. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, सात दिवस. पहिला दिवस टाकून बाकीची सरासरी. घरी १३५/८५ आणि वर म्हणजे बीपी वाढलेलं.

औषधी_पेठ

लो सोडियम मिठाचं मी सांगतो, कारण इथं घाई चुकते. त्यात सोडियम क्लोराइडच्या काही भागाऐवजी पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनच्या खेड्यांत केलेल्या मोठ्या अभ्यासात (२०२१) पाऊण भाग साधं आणि पाव भाग पोटॅशियमचं मीठ वापरल्यावर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे गोष्ट चांगली आहे. पण टेल्मिसार्टन स्वतः पोटॅशियम वाढवतं. मूत्रपिंड कमकुवत असेल किंवा जोडीला स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम अडवणारी लघवीची गोळी) असेल तर हे मीठ अजिबात नाही. हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सासऱ्यांचं क्रिएटिनिन ०.९ आणि पोटॅशियम ४.६, म्हणजे दार बंद नाही, पण डॉक्टरांना विचारून सुरू करा आणि दोन आठवड्यांनी पोटॅशियम परत तपासा. आणि ते मीठ ‘पथ्याचं’ म्हणून दीडपट घातलं तर फायदा शून्य.

बीपी खाली येत नसेल तर घरातल्या या गोष्टी आधी शोधा: गुडघ्यासाठी रोजची डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन (बीपी चढवतात, टेल्मिसार्टनबरोबर मूत्रपिंडावरही ताण), पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या (सोडियम), नाक चोंदल्यावर घ्यायच्या गोळ्या, आणि खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध. शेवटचं कुणाला खरं वाटत नाही, पण ज्येष्ठमधानं पोटॅशियम उतरतं आणि बीपी वाढतं.

उलट बाजू: पिष्ट आणि मीठ दोन्ही कमी केल्यावर पहिल्या आठवड्यात लघवी वाढते, किलो-दीड किलो पाणी जातं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा वरचा आकडा ११० च्या खाली राहायला लागला तर डोस कमी करायला डॉक्टरांकडे जा. गोळी परस्पर बंद करू नका. पुढे क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी लागली तर एप्रिल-मेच्या उन्हात सोडियम जास्तच उतरू शकतं, तेव्हा ‘बिनमीठ’ अतिरेक नको.

टेकडीवाला

दोन गोष्टी राहिल्या. इन्शुलिन रेझिस्टन्सचा हिशेब (उपाशीपोटीची साखर × इन्शुलिन ÷ ४०५) म्हणजे (१०८ × १८) ÷ ४०५ = ४.८ येतो, जास्तच आहे. पण प्रयोगशाळेगणिक इन्शुलिनचा आकडा बदलतो, म्हणून दर महिन्याला तो करून पैसे घालवू नका. कंबर (पुरुषांना ९० च्या आत), ट्रायग्लिसराइड आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी, एवढं पुरे. हिमोग्लोबिन बघा, लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटा चढा येतो. बी१२ ही तपासा, शाकाहारी घरात कमी असतंच आणि पुढे मेटफॉर्मिन (साखरेची गोळी) लागलं तर आणखी उतरेल.

‘७१ किलो म्हणजे काही जाड नाहीत’ असं घरात कुणी म्हणेल. आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि एका इंग्रज सहकाऱ्याचा फोटो छापला होता: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि सहकाऱ्याची ९.१. सडपातळ दिसणारा पुणेकर आतून जाड असू शकतो. म्हणून लक्ष कंबरेवर. चार-पाच किलो उतरवले तरी आकडे हलतात.

जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला, दोन्ही वेळा, गच्चीवर सुद्धा चालेल. पर्वतीच्या पायऱ्या सध्या नकोत. आधी बीपी आवाक्यात येऊ दे.

वाटीचमचा

उपवासाचं राहिलं. खिचडी, बटाट्याची भाजी, केळ्याचे वेफर्स हा उपवास नाही, पिष्टाची पंगत आहे. भगर ४० ग्रॅम कोरडी, तिच्याबरोबर दाण्याची आमटी (२५ ग्रॅम दाणे), वाटीभर दही, काकडी. किंवा राजगिऱ्याच्या ४० ग्रॅम पिठाची भाकरी आणि लाल भोपळ्याची भाजी. संध्याकाळी दूध आणि एक पेरू. उपवासाला सैंधव चालतं म्हणून त्या दिवशी सढळ हात होतो, तेही वाटीतल्या चौदा ग्रॅममधलंच धरायचं. सध्या साखरेची गोळी नाही म्हणून उपाशी राहिले तरी चालतं. पुढे ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) सुरू झाली तर उपवासाच्या दिवसाचा डोस आधी विचारून घ्या, साखर झपकन खाली येते.

पाचच्या चहाला खारीऐवजी २५ ग्रॅम भाजलेले फुटाणे. खारे नाही, साधे. भट्टीवाल्याला आधी सांगावं लागतं.