बाकरवडीच्या पाकिटावर सोडियम '12% आरडीए', म्हणजे मीठ किती?

सांगलीची_सून: सासऱ्यांना बीपी आहे. डॉक्टरांनी बजावलंय, दिवसभरात सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत मीठ. आमटी-भाजीत मी हात आखडून घालते, पण चारच्या चहाला यांना बाकरवडी हवीच. पाकिटावर सोडियमपुढे '12% आरडीए' (म्हणजे दिवसाच्या शिफारस केलेल्या प्रमाणाच्या 12 टक्के) छापलंय. तेच दाखवून म्हणतात, "बाराच टक्के गं, अजून अठ्ठ्याऐंशी शिल्लक!" काय उत्तर देऊ?

खादाड_इंजिनिअर: वर बारीक अक्षरात 'पर सर्व्ह' किती ग्रॅम आहे ते बघा. खरी गंमत तिथे असते.

सांगलीची_सून: 30 ग्रॅम! यांची नेहमीची वाटी आत्ता काट्यावर ठेवली, 75 भरली.

आहारतज्ज्ञ_सोलापूर: मग झालाच हिशोब. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात हे टक्के 2000 मिलिग्रॅम सोडियमवर काढतात. बारा टक्के म्हणजे 240, तेही 30 ग्रॅमला. 75 ग्रॅमला 600, म्हणजे 30 टक्के. मिठात मोजायचं तर सोडियमला अडीचने गुणा: दीड ग्रॅम. पाचातलं दीड चहाबरोबरच गेलं. पापड-लोणचं अजून ताटात यायचंय.

आणि काकांना सांगा, ते अठ्ठ्याऐंशी 'शिल्लक' नाहीत. सोडियम, वरून घातलेली साखर (50 ग्रॅम), सॅच्युरेटेड फॅट (22 ग्रॅम) यांचे आकडे म्हणजे वरची मर्यादा. शंभर टक्के भरायचेत असं मुळीच नाही. लोह, कॅल्शियमचं उलटं, ते गाठायचं असतं. एकाच रकान्यात दोन्ही छापतात, मग घोळ होणारच. शिवाय सगळं 2000 कॅलरीच्या सरासरी प्रौढ माणसावर बेतलेलं. तुमचे सासरे सरासरी नाहीत, बीपीचे पेशंट आहेत.

खादाड_इंजिनिअर: लोहाला तरी सगळ्यांना एकच आकडा का?

आहारतज्ज्ञ_सोलापूर: नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या तक्त्यात पुरुषाला 19 मिलिग्रॅम, बाईला 29. पाकिटावर टक्के कुणाच्या हिशोबाने काढलेत ते शोधा.

सांगलीची_सून: वाचून दाखवलं. आता म्हणतात, "ते कमी सोडियमचं मीठ आण, मग वाटीभर चालेल."

आहारतज्ज्ञ_सोलापूर: थांबा! त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते रक्तात साठू शकतं. गोळ्यांची पट्टी घेऊन आधी डॉक्टरांना विचारा. आणि बाकरवडीत कंपनीने घातलेलं मीठ त्याने कमी होत नाही हो.