पिल्लू पाय टेकत नाही. सोमवारपर्यंत थांबावे का?

कृष्णाकाठ (वाई): नमस्कार. आमचे तीन महिन्यांचे गावठी पिल्लू आज दुपारी ओट्यावरून फरशीवर पडले. तेव्हापासून ते पुढचा डावा पाय अधांतरी धरते आणि हात लावला की विव्हळते. पंजाच्या वर सूज आहे, जखम नाही. जवळचा दवाखाना आता सोमवारी उघडेल. शेजारचे काका हळद-तुरटीचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधायला सांगतात. घरात अंगदुखीची गोळी आहे, तिचा पाव तुकडा द्यावा का?

रानवाट: गोळी अजिबात देऊ नका. माणसांच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या औषधांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटॅमॉलही अंदाजाने देण्याजोगे नाही. कामट्याही नकोत, कारण पट्टी घट्ट बसली तर रक्तपुरवठा अडतो, बोटे सुजून गार पडतात आणि मूळ दुखापतीपेक्षा तेच निस्तरणे अवघड होऊन बसते. पिल्लाला चादर अंथरलेल्या खोक्यात ठेवा आणि शी-शूसाठी उचलूनच न्या. त्याने सहन केले तर कापडात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटे सुजेवर धरता येईल. पंजाच्या गाद्यांत काटा वा काच रुतली आहे का, तेही पाहून घ्या. मात्र वेदनेत अगदी लाडके पिल्लूही चावते. हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा धाप लागली, तर प्रश्न केवळ पायाचा नाही, रात्र असली तरी तत्काळ निघा.

मोगरा: वरील सर्व मान्य आहे, परंतु सोमवारपर्यंत थांबू नये असे माझे ठाम मत आहे. या वयात हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात. तिथे मार लागला आणि तो दुर्लक्षित राहिला, तर पिल्लू वाढते तसा पाय वाकडा किंवा आखूड होऊ शकतो. मोडलेले हाड या वयात झपाट्याने जुळते, म्हणून ते चुकीच्या जागी जुळण्याआधीच एक्स-रे व्हायला हवा. शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला सोयीचे आहे. रविवारी कोणती सेवा मिळेल, हे आधी फोनवर विचारून घ्या. प्लास्टर घातले गेले, तर ते वारंवार दाखवत राहा, कारण पिल्लाचा पाय वाढतो आणि प्लास्टर तेवढेच राहते.

कृष्णाकाठ: दोघांचेही मनापासून आभार. लेप आणि गोळी दोन्ही रद्द केले. उद्या सकाळीच निघतो. ते केवळ दूध-पोळी खाते. कॅल्शियमची पावडर सुरू करावी का?

रानवाट: पावडर स्वतःहून सुरू करू नका, वाढत्या वयात जादा कॅल्शियमही हाडांना अपाय करते. मात्र केवळ दूध-पोळीवर वाढलेल्या पिल्लांची हाडे कमकुवत राहू शकतात आणि किरकोळ पडण्यानेही मोडतात, त्यामुळे त्याचा रोजचा आहार डॉक्टरांना न विसरता सांगा. एक्स-रे पाहताना त्यांना त्याचा उपयोग होईल.