इंग्लंडचा कायदा : किरकोळ मारहाण, समोरच्याची संमती आणि न्याय्य शिक्षा

प्रश्न – विधिशाखेची विद्यार्थिनी, लेस्टर

नमस्कार. मी इथे फौजदारी कायद्याचा अभ्यास करते आणि संमतीच्या प्रकरणापाशी अडले आहे. समजा, दोन सज्ञान माणसांची बाचाबाची झाली, एकाने दुसऱ्याला बाहेर येऊन हातघाईने काय ते मिटवण्याचे आव्हान दिले, दुसऱ्याने ते राजीखुशीने स्वीकारले आणि त्यात एकाचे नाक फुटून चेहरा काळानिळा झाला. ज्याला लागले त्याची काहीही तक्रार नाही. तरीही १८६१ च्या शरीराविरुद्धच्या गुन्ह्यांच्या कायद्यातील कलम ४७ खाली ही ‘प्रत्यक्ष शारीरिक इजा’ ठरते, त्याची कमाल शिक्षा ५ वर्षे कैद आहे आणि संमती होती हा बचाव ऐकूनही घेतला जात नाही. याहून कितीतरी जबर ठोसे बॉक्सिंगच्या रिंगणात टाळ्यांच्या गजरात मारले जातात. ज्याच्या शरीराचा प्रश्न आहे त्याच्याच शब्दाला किंमत नसेल, तर अशा खटल्यात न्याय्य शिक्षा कशी ठरवायची?

प्रतिसाद १ – फौजदारी वकील, निवृत्त

आपण दिलेले उदाहरण जवळपास जसेच्या तसे अपील न्यायालयापुढे आलेले आहे. १८ आणि १७ वर्षांच्या दोन तरुणांनी रस्त्यावर परस्परसंमतीने ठोसेबाजी केली, धाकट्याच्या नाकातून रक्त आले, आणि खालच्या न्यायालयात आरोपी निर्दोष सुटला. त्या सुटकेला धक्का न लावता केवळ कायद्याचा मुद्दा स्पष्ट व्हावा म्हणून सरकारचा मुख्य कायदा सल्लागार असलेल्या ॲटर्नी जनरलने तो वरच्या न्यायालयाकडे पाठवला. ‘१९८० चा संदर्भ क्रमांक ६’ या नावाने तो ओळखला जातो. सबळ कारणावाचून माणसांनी एकमेकांना शारीरिक इजा करणे सार्वजनिक हिताचे नाही, आणि मारामारी रस्त्यावर झाली की बंद दाराआड याने फरक पडत नाही, असे न्यायालयाने ठरवले. नियमांनुसार चालणारे खेळ, शस्त्रक्रिया आणि अशीच काही क्षेत्रे मात्र अपवाद म्हणून राखली. बॉक्सिंग त्यामुळेच वाचते.

म्हणजे संमतीला किंमत नाही असे नाही; तिची हद्द फार खाली आखलेली आहे. साध्या मारहाणीत, म्हणजे ढकलणे, चापट मारणे अशा प्रकारांत, जिथे इजा झाली नाही आणि करण्याचा हेतूही नव्हता, तिथे संमती असेल तर गुन्हाच घडत नाही. १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यातील कलम ३९ प्रमाणे या गुन्ह्याची कमाल शिक्षा ६ महिने आहे. ओरखडा, सूज, किरकोळ खरचटणे एवढेच असेल तर सरकारी अभियोग विभागही सहसा हाच आरोप ठेवतो. खरा वाद या दोन पायऱ्यांमधल्या अरुंद पट्ट्याचा आहे.

प्रतिसाद २ – समुपदेशक, कौटुंबिक हिंसाचारग्रस्तांसाठी काम

मला ही खालची हद्द योग्य वाटते आणि ती वर सरकवण्याची मागणी ऐकली की मी अस्वस्थ होते. “तिची हरकत नव्हती” हे वाक्य माझ्या कामात सतत कानावर येते. ज्या घरात भीतीच राज्य करते तिथे होकार म्हणजे नेमके काय, हे न्यायालयात उलगडून दाखवणे त्या स्त्रीला फार जड जाते. २०२१ च्या कौटुंबिक अत्याचार कायद्यातील कलम ७१ मध्ये लैंगिक सुखासाठी केलेल्या गंभीर दुखापतीला संमतीचा बचाव मिळणार नाही हे संसदेने स्पष्टच लिहिले. तोवर तो नियम न्यायालयांच्या निकालांवर उभा होता. तक्रारदाराने तक्रार मागे घेतली तरी खटला चालवायचा की नाही हे तिथे सरकारी अभियोग विभाग ठरवतो, यामागेही हीच जाण आहे. दोन बरोबरीच्या तरुणांच्या ठोसेबाजीत हे सारे लागू नसेलही, पण ते बरोबरीचे होते हे तरी कोणी आणि कसे ठरवायचे?

प्रतिसाद ३ – प्राध्यापक, विधी महाविद्यालय, पुणे

तुलनेसाठी आपल्याकडचा कायदा पाहावा, कारण दोन्ही कायदे एकाच साम्राज्यात एका वर्षाच्या अंतराने झाले. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ८७ नुसार, १८ वर्षांवरील व्यक्तीने संमती दिली असेल आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत करण्याचा हेतू नसेल, तशी शक्यता असल्याची जाणीवही नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. करमणुकीसाठी तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचे उदाहरण त्या कलमातच दिलेले आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २५ म्हणून कायम आहे. आपली रेषा गंभीर दुखापतीपाशी आहे, इंग्लंडची साध्या इजेपाशी. शिवाय साधी दुखापत आपल्याकडे तडजोडपात्र आहे. जखमी व्यक्ती स्वतः प्रकरण मिटवू शकते. अर्थात भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती आपला कायदाही संमती मानत नाही, आणि सार्वजनिक जागी शांतताभंग करणारी मारामारी हा वेगळा गुन्हा आहेच. त्यामुळे समुपदेशक ताईंची चिंता रास्त असली, तरी तिच्यासाठी प्रत्येकाची संमती निरुपयोगी ठरवावी लागत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. हद्दीचा मुद्दा समजला. पण दोषसिद्धी अटळ असेल, तर शिक्षेत तरी संमती मोजली जाते का?

प्रतिसाद १ – फौजदारी वकील, निवृत्त

मोजली जाऊ शकते, आणि माझ्या मते मोजलीच पाहिजे. १९९३ च्या ब्राऊन खटल्यात हाऊस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) ३ विरुद्ध २ मतांनी, सज्ञान पुरुषांनी खासगीत परस्परसंमतीने केलेल्या वेदनादायी लैंगिक कृत्यांनाही संमतीचा बचाव नाकारला. निकालाची चर्चा पुष्कळ होते, पण त्याआधी अपील न्यायालयाने शिक्षांचे काय केले हे फारसे कोणी वाचत नाही. दोषसिद्धी कायम ठेवून त्यांनी एका आरोपीची २ वर्षे ९ महिन्यांची कैद ३ महिन्यांवर आणली, दुसऱ्याची ३ वर्षांची ६ महिन्यांवर. आपले कृत्य गुन्हा आहे याची त्यांना कल्पना नव्हती, हे न्यायालयाने त्यासाठी विचारात घेतले.

साध्या मारामारीत मात्र एक अडचण आहे. २०२१ पासून लागू असलेल्या शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वांत कलम ४७ च्या गुन्ह्यासाठी क्षणिक उद्रेकातून झालेला, थोडक्यात संपलेला हल्ला कमी दोषाचा मानला आहे, तर बऱ्याच पूर्वनियोजनाने केलेला अधिक दोषाचा. ठरवून केलेली झुंज वरवर पाहता दुसऱ्या बाजूला झुकते, म्हणजे ज्या होकारामुळे दोष सौम्य व्हावा तोच नियोजनाचा पुरावा म्हणून वापरला जाण्याचा धोका राहतो. बचावाच्या वकिलाने इथे दक्ष राहावे. आव्हान कोणी दिले, समोरचा माघार घेऊ शकत होता का, एक जण खाली पडल्यावर दुसरा थांबला का, या गोष्टी पुराव्याने समोर आणल्या तर दोघे बरोबरीचे होते की नाही, या समुपदेशक ताईंच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातूनच मिळते. पहिल्याच संधीला गुन्हा कबूल केल्यास शिक्षेत एक तृतीयांशापर्यंत सूट मिळते. पूर्वीचा गुन्हा नसलेल्या तरुणाच्या बाबतीत, इजा किरकोळ असेल तर, दंड किंवा सशर्त मुक्ततेची (ठरावीक काळात पुन्हा गुन्हा न केल्यास शिक्षा नाही) मागणी मी निःसंकोचपणे करीन.