भूकंप की स्फोट? निलोरच्या डेटात पी/एस रेशो जुळत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एमएस्सी जिओफिजिक्सच्या शेवटच्या सेमिस्टरचं प्रोजेक्ट करतेय आणि दोन आठवडे एकाच जागी अडकलेय, सिस्मॉलॉजीवाले कुणी असतील तर प्लीज बघा.

११ मे १९९८ ची पोखरणची चाचणी इस्लामाबादजवळच्या निलोर स्टेशनवर, म्हणजे साधारण ७४० किमीवर, छान नोंदली गेलीय. डेटा खुला आहे, मी ऑब्सपायने (भूकंपाच्या नोंदी हाताळायची पायथन लायब्ररी) उतरवून घेतला. पहिला प्लॉट आला तेव्हा बघतच बसले. दुपारी पावणेचारच्या सुमारास स्फोट, शंभरेक सेकंदांनी पीएन (कवचाच्या तळाखालून येणारी पहिली पी, म्हणजे दाबाची लाट) येते ती एकदम खणखणीत, आणि मग २०५ ते २४५ सेकंदांत जिथे एलजी (कवचातून येणारी एस, म्हणजे आडव्या हेलकाव्याची लाट) यायला हवी तिथे ४ हर्ट्झच्या वरचा फिल्टर लावला की पीच्या मानाने ती अगदीच बारीक. स्फोट चहूबाजूंनी सारखाच रेटा देतो म्हणून पी जोरात, भूकंपात खडक एकमेकांना घासून सरकतात म्हणून एस जोरात, हे पुस्तकात शंभर वेळा वाचलं होतं पण स्वतःच्या स्क्रीनवर बघणं वेगळंच.

आता अडचण. तुलनेला मी २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपाचे आफ्टरशॉक घेतले आणि जोडीला हिंदुकुशचे काही भूकंप. १ हर्ट्झला सगळे एकमेकांत मिसळलेले, ते अपेक्षितच होतं, पण ४ ते ६ हर्ट्झलाही भूजचे निम्मे आफ्टरशॉक पोखरणच्या शेजारी जाऊन बसतायत!! म्हणजे माझ्या हिशोबाने ते स्फोट ठरतात. वाटेत ऊर्जा जिरते त्याचं करेक्शन म्हणून क्यू (हा आकडा जितका मोठा तितकी ऊर्जा कमी जिरते) ३०० धरून पी आणि एस दोन्हींना लावला, तर आता काही पॉइंट भलतीकडेच उडालेत. क्यू कुठला घ्यायचा? की माझी मुळात पद्धतच चुकतेय?

हे नीट कळायला हवंय मला. ऑगस्ट १९९७ मध्ये रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रात छोटा धक्का बसला तेव्हा रशियाने नोवाया झेमल्या बेटांवर अणुचाचणी केली असा संशय घेतला गेला होता, आणि तो निघाला भूकंप, चाचणीच्या जागेपासून शंभरावर किमी लांब. असा संशय किती महागात पडू शकतो.

प्रतिसाद १

हिंदुकुशचे आधी काढून टाका. ते दोनशे किमी खोलवरचे असतात, एलजी ही पृथ्वीच्या कवचात अडकून पुढे जाणारी लाट, एवढ्या खोलीवरून ती नीट तयारच होत नाही. त्यांचा पीएन/एलजी रेशो काढण्यात अर्थ नाही.

भूजचं म्हणाल तर खरी गडबड अंतराची आहे. निलोरपासून भूज ११८० किमीच्या आसपास, म्हणजे पोखरणपेक्षा ४४० किमी जास्त. उदाहरणापुरतं ४ हर्ट्झला एलजीचा क्यू ८०० धरा, वेग सेकंदाला ३.५ किमी, तर या जादा अंतरात एलजी सातपट खाली येते. पीएनचा वेग ८ आणि क्यू १२०० धरला तर ती पावणेदोन पटच कमी होते. म्हणजे नुसत्या प्रवासानेच रेशो चौपट वाढला, भूकंप बिचारा भूकंपच आहे. आणि तुमच्या ३०० ने एलजीला जवळपास दोनशे पट करेक्शन बसतं, मग पॉइंट उडणारच. पी आणि एसला एकच क्यू कधीच लावू नका, शिवाय क्यू फ्रिक्वेन्सीबरोबर बदलतो, १ हर्ट्झचा आकडा ६ ला चालत नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. क्यू बाहेरून आणण्यापेक्षा डेटातूनच काढा ना. निलोरपासून ४०० ते १२०० किमीमधले उथळ भूकंप जमतील तेवढे घ्या, प्रत्येक फ्रिक्वेन्सी बँडला रेशोचा लॉग विरुद्ध अंतर असा प्लॉट काढा, भूकंपांमधून रेघ बसवा आणि पोखरण त्या रेघेच्या किती वर आहे ते बघा. पण भूजकडून येणारी वाट थरच्या वाळवंटावरून आणि सिंधूच्या गाळावरून जाते, हिमालयाकडून येणारी वाट निराळी, दोन्ही एका रेघेत कोंबू नका. आणि नॉइज पी यायच्या आधीचा नाही, एलजीच्या लगेच आधीच्या काही सेकंदांच्या खिडकीतला मोजा. ११८० किमीवर ६ हर्ट्झची एलजी पीच्या शेपटात (पीमागून रेंगाळणाऱ्या कंपनांत) बुडालेली असू शकते, मग तुम्ही मोजताय ते एलजी नाहीच.

धागाकर्ती

खूप खूप आभार दोघांचे! नॉइजची खिडकी बदलली आणि ६ हर्ट्झला भूजचे अर्ध्याहून जास्त आफ्टरशॉक बादच झाले, एलजी म्हणून मी शेपूटच मोजत होते. ४ हर्ट्झला रेघ बसवली, पोखरण तिच्या बरंच वर आहे आणि भूजवाले रेघेजवळ आले. आता ७०० ते ८०० किमीमध्ये, पोखरणच्याच वाटेवरचे उथळ भूकंप फार कमी मिळतायत. राजस्थान सीमेच्या बाजूचे, ४ मॅग्निट्यूडच्या वरचे, कुणी आधी वापरले असतील तर तारखा सांगाल का?